खिळ्यावरची पट्टी

शनिवारी दुपारी चष्मेवाल्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तो ताईकडे पट्ट्या आणायला निघाला. काम दहा मिनिटांचं. ताईचं शिवणकामाचं दुकान दोन गल्ल्या सोडून, आणि पट्ट्या तिनं सकाळीच कापून ठेवल्या होत्या. तरी पोचायला त्याला अर्धा तास लागला. वाटेत दोनदा थांबला, एकदा तर चक्क मागे फिरला. ताईसमोर जायचं म्हटलं की गेली तीन वर्षं त्याचं असंच व्हायचं, आणि गंमत म्हणजे ताईला वाटायचं, भाऊ बिचारा आपल्या दुःखानं खचलाय.

पट्ट्यांचं आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढे मला मध्येच अडवाल. दरवर्षी थंडीतल्या एका रविवारी, सकाळी सात वाजता, आमच्याकडे डोंगराची शर्यत असते. पाच किलोमीटर, सगळी हौशी मंडळी. शाळेच्या मैदानातून सुटायचं, अडीच किलोमीटर चढ चढून पाण्याच्या टाकीपाशी जायचं आणि पलीकडच्या अंगानं, दगडखाणीच्या वळणावरून उतरून परत मैदानात यायचं. टाकीपाशी नर्सबाई टेबल टाकून बसतात. निवृत्त होऊन जमाना झाला, पण आवाज अजून वॉर्डातलाच. त्या तुमच्या छातीवरचा नंबर बघतात आणि त्याच नंबरची कापडी पट्टी तुमच्या हातात देतात. तुम्ही वरपर्यंत जाऊन आलात याचा पुरावा म्हणजे ती पट्टी. खाली मैदानाच्या फाटकाशी एक लाकडी फळी उभी असते, तिच्यावर नंबरवार खिळे. आपली पट्टी आपल्या खिळ्यावर आपल्याच हातानं लावायची. दुसऱ्याची आणायची नाही, आपली दुसऱ्याकडे द्यायची नाही.

आणि सगळ्यांच्या मागे एक जण धावतो. त्याला आम्ही ‘झाडू’ म्हणतो, कारण तो रस्ता झाडत येतो. त्याच्या मागे कोणी म्हणजे कोणी उरता कामा नये. झाडू खाली आला, फळी भरली, की त्यानं शिट्टी वाजवायची. शिट्टी वाजली, शर्यत संपली, माणसं घरी. तुम्हाला पोरखेळ वाटेल. पण डोंगरावर धुकं उतरलं की स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि खाणीच्या वळणाला कठडा नाही.

ताईनं पिवळ्या पट्ट्यांचा गठ्ठा बांधून मशीनवर ठेवला होता. दुकानातल्या कातरणांच्या पट्ट्या करून द्यायचं काम वर्षानुवर्षं तिचं. मधली दोन वर्षं तिनं ते सोडलं होतं. यंदा पुन्हा हातात घेतलं, कारण यंदा तिची मुलगी धावणार होती.

“ऐकत नाही रे ती,” ताई म्हणाली. “बापाच्याच वाटेनं जायचंय म्हणते.”

भाची आतल्या खोलीत बुटांच्या नाड्या ओवत बसली होती. मोजणी कार्यालयात नकाशे काढते ती. तेवीस वर्षांची, मोजूनमापून बोलणारी. तिनं मान वर केली.

“मामा, मला एकच गोष्ट बघायची आहे. फळीपासून खाणीच्या वळणापर्यंत एक किलोमीटर चढ आहे. मला चालत वीस मिनिटं लागतात. बाबांना तीस तरी लागली असतील. मैदानात साठ माणसं होती. त्यातल्या एकालाही ते परत वर जाताना दिसले नाहीत?”

“धुकं होतं गं.”

“हो. सगळे हेच सांगतात.”

ताईनं त्याला दारापर्यंत सोडलं आणि हळूच त्याचा दंड धरला. “तूही कित्येक दिवसांत धावलेला नाहीस, माहीत आहे मला. पण तिच्याबरोबर राहा. तिला एकटी सोडू नकोस. माझ्याकडे आता तिच्याशिवाय काही उरलेलं नाही.”

“आणतो ताई. मी स्वतः आणतो तिला खाली.”

एवढं बोलून तो बाहेर पडला आणि कोपऱ्यावर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

आता ते तीन वर्षांपूर्वीचं. त्या वर्षी झाडू होता चष्मेवाला, आणि ताईचा नवरा, म्हणजे त्याचे दाजी, आयुष्यात पहिल्यांदा धावत होते. अंगानं भारी, नाक कायम चोंदलेलं. दमले की नाकातून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. छापखान्यातली नोकरी सुटली होती, दिवसभर घरात बसून असायचे. चष्मेवाल्यानंच त्यांना डिवचून डिवचून शर्यतीत ओढलं होतं. “दाजी, खुर्चीला मुळं फुटतील आता!” दाजी हसले आणि आले. माणूस साधा.

उतरताना खाणीच्या वळणावर ते बसले. तू हो पुढे म्हणाले, मी येतो. धुकं दाटलं होतं, थंडी हाडात शिरत होती, चष्मेवाल्याचा गुडघा ठणकत होता आणि खाली साठ माणसं शिट्टीची वाट बघत ताटकळली होती. झाडूनं पुढे जायचं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याला वाटलं, घरचाच माणूस. येईल की पाठोपाठ. उगाच सगळ्यांचा खोळंबा कशाला? त्यानं हात पुढे केला. “दाजी, पट्टी द्या इकडे, मी लावतो. तुम्ही या सावकाश.” त्यानं खाली येऊन दाजींची पट्टी दाजींच्या खिळ्यावर लावली, आपली आपल्या खिळ्यावर लावली आणि शिट्टी वाजवली. दहा मिनिटं फाटकाशी उभा राहिला. मग म्हणाला, परस्पर घरी गेले असतील. आणि दुकान उघडायला गेला.

संध्याकाळी ताईचा फोन आला, हे तुझ्याकडे आहेत का म्हणून. दाजी सापडले दुसऱ्या दिवशी सकाळी, खाणीच्या तळाशी. डॉक्टर म्हणाले, पडल्यानंतर दुपारपर्यंत जिवंत असावेत.

लोकांनी फळीकडे बघितलं. पट्टी खिळ्यावर होती. म्हणजे माणूस खाली आला होता. मग तो परत वर कशाला गेला? नोकरी सुटलेली, घरात गप्प गप्प असायचा... झालं! लोकांना दोन आणि दोन चार करायला कितीसा वेळ लागतो? दाजींनी जीव दिला, असं ठरून गेलं. ताईनंही तेच मानलं. पहिल्या दिवशी चष्मेवाला बोलला नाही कारण भीती वाटली. दुसऱ्या दिवशी बोलला नाही कारण पहिल्या दिवशी बोलला नव्हता. मग तीन वर्षं गेली. दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावायचा, खालची ओळ दिसते का विचारायचा, आणि घरी येऊन अंधारात बसून राहायचा.

यंदा त्यानं मनाशी ठरवलं होतं. वर टाकीपाशी पोचलो की भाचीला सगळं सांगायचं. मग ती थुंकली तोंडावर तरी चालेल.

रविवारी धुकं होतंच. सुटायच्या वेळी मैदानाच्या या टोकाचा माणूस त्या टोकाला दिसत नव्हता. यंदा झाडू होता पोस्टमन, पायांनी दणकट आणि तोंडानं त्याहून दणकट. “काय चष्मेवाले, आज स्वतःलाच काही दिसत नसेल!” तो ओरडला, आणि सगळे हसले. चष्मेवालाही हसला.

पहिल्या किलोमीटरलाच त्याला कळून चुकलं की शरीर पार गंजलंय. श्वास छातीत मावेना, पोटऱ्या दगड झाल्या. भाची मात्र ठरावीक तालात पावलं टाकत होती, आणि दर वळणावर त्याच्यासाठी थांबत होती. पुढचे सगळे धुक्यात गडप झाले होते. मागे कुठेतरी पोस्टमनचा आवाज येत होता. बेकरीवाल्याला चालतं ठेवायला तो त्याला शिव्या घालत होता. ओल्या मातीचा आणि गंजलेल्या लोखंडाचा वास येऊ लागला, तेव्हा टाकी आल्याचं कळलं.

“नंबर?” नर्सबाई कडाडल्या. त्यांनी दोघांच्या हातात दोन पिवळ्या पट्ट्या कोंबल्या. “अंगं गार पडतील, थांबू नका. चला!”

इथंच सांगायचं होतं. चष्मेवाल्यानं तोंड उघडलं. भाची त्याच्याकडेच बघत होती.

“काय मामा?”

“काही नाही. दम लागलाय.”

“मग तू सावकाश ये. मी खाणीच्या वळणावर थांबते तुझ्यासाठी. तिथे मला जरा बघायचंय.”

“अगं, थांब—”

पण ती निघालीसुद्धा. तिच्या बुटांचा आवाज उताराला लागला, बारीक झाला आणि विरला. मागे बेकरीवाला टाकीपाशी पोचून, पोटरीत गोळा आला म्हणून बोंब मारत होता. पोस्टमन त्याचा पाय चोळत बसला. म्हणजे ते दोघं काही लवकर यायचे नाहीत. चष्मेवाला एकटाच उतरू लागला.

उताराला गुडघा बोलू लागला. तो पाय आखडून, रस्त्याची कड डोळ्यांनी चाचपत उतरत होता. कुठे पक्षी नाही, पान हललेलं नाही. फक्त स्वतःचा श्वास, आणि बुटांखाली खडी करकरल्याचा आवाज. टाकीपासून दीड किलोमीटरवर खाणीचं वळण. तिथे दगडाच्या भुकटीचा कोरडा वास येतो, ओल्या धुक्यातसुद्धा. तो वास आला आणि त्याचे पाय आपोआप मंदावले.

“अगं, आहेस का?” त्यानं हाक मारली.

उत्तर नाही. वाट बघून पुढे गेली असेल, त्याला वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, त्याला हायसं वाटलं. सांगायचं आणखी थोडं पुढे ढकललं गेलं होतं.

तेवढ्यात त्याला ते ऐकू आलं.

खाणीच्या बाजूनं कोणीतरी धापा टाकत होतं. जड, ओढत घेतलेला श्वास. आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी... नाकातून येणारी बारीक शिट्टी.

चष्मेवाला जागच्या जागी थिजला. 

“कोण... कोण आहे?”

धाप लागलेलीच. आता थोडी जवळ.

“दाजी...?”

श्वास थांबला.  मग अगदी खांद्यापाशी, दमलेल्या पण ओळखीच्या, जराही न रागावलेल्या आवाजात कोणीतरी म्हणालं,

“तू हो पुढे... मी येतो.”

चष्मेवाल्याची पाचावर धारण बसली. त्यानं डोळे गच्च मिटले, दोन्ही कानांत बोटं घातली आणि मनातल्या मनात नुसता माफ करा, माफ करा म्हणत राहिला. पळावं हेसुद्धा सुचलं नाही. त्याला आपले तळवे गार पडल्याचं कळत होतं, बाकी काही कळत नव्हतं.

खांद्यावर हात पडला. तो किंचाळलाच.

“अरे, मी आहे, मी!” पोस्टमन होता. मागे बेकरीवाला लंगडत होता. “तू इथे काय करतोयस?”

चष्मेवाल्यानं डोळे उघडले. ही दोघं इतक्यात पोचली कशी, हे त्याला समजेना; आत्ता तर ती वर टाकीपाशी होती. त्याचा शर्ट घामानं पिळून निघाला होता.

“भाची कुठे आहे?” पोस्टमननं विचारलं.

“गेली... पुढे गेली.”

“बरं, चल. तुझी पट्टी आहे ना? सांभाळ.”

पट्टी त्याच्या उजव्या मुठीत चुरगळून बसली होती. तो दोघांच्या मधोमध, जीव मुठीत धरून उतरला. वाटेत एकदाही मागे बघितलं नाही. शेवटचा एक किलोमीटर त्याला कधी नव्हे इतका लांब वाटला.

मैदानात लोक शालीबिली गुंडाळून चहा पीत उभे होते. फाटकाशी त्यानं आपली पट्टी आपल्या खिळ्यावर अडकवली, आणि लगेच शेजारच्या खिळ्याकडे बघितलं. भाचीची पट्टी लावलेली होती. आली! पोर खाली आली! त्याला रडूच फुटायचं बाकी होतं. मग त्यानं ठरवलं, आता नाही थांबायचं, आत्ताच तिला बाजूला घेऊन सगळं सांगायचं.

ताई थर्मास घेऊन धुक्यातून पुढे आली.

“पोरगी कुठे आहे?”

“म्हणजे? आली की. पट्टी लावलीय.”

“माझ्याकडे नाही आली. मी मघापासून इथेच उभी आहे.”

फळीची जबाबदारी ड्रॉइंग मास्तरांकडे होती. त्यांनी बोट फिरवत खिळे मोजले आणि समाधानानं मान डोलावली. “सगळे भरले. एकही कमी नाही. वाजवा शिट्टी.”

“अहो, पण माझी मुलगी दिसत नाहीये,” ताई म्हणाली.

“पट्टी आहे ना बाई? म्हणजे खाली आलीय. कपडे बदलायला घरी गेली असेल. घामानं भिजलेलं पोर थंडीत उभं राहील का?”

“हो, घरीच गेली असेल,” आणखी कोणीतरी म्हणालं. लोकांनी पेले ठेवायला सुरुवात केली. पोस्टमननं शिट्टी ओठांना लावली.

चष्मेवाला फळीकडे बघत होता. त्याच्या नजरेसमोर दोन पट्ट्या शेजारी शेजारी लोंबत होत्या, त्याची आणि तिची. तीन वर्षांपूर्वीही अशाच होत्या. त्या मैदानात साठ माणसं होती, आणि पट्टी माणसाशिवाय खाली येऊ शकते हे त्यातल्या एकालाच माहीत होतं. त्यानं तोंड उघडलं नाही तर शिट्टी वाजणार होती. माणसं घरी जाणार होती. भाची कदाचित या क्षणी खाणीच्या तळाशी डोळे उघडे ठेवून पडली असेल, आणि तिच्याकडे दुपारपर्यंतचाच वेळ असेल.

“थांब!” तो ओरडला. “शिट्टी वाजवू नकोस. ती वर आहे.”

“वेड लागलं का?” ड्रॉइंग मास्तर म्हणाले. “पट्टी—”

“पट्टीनं काही होत नाही! पट्टी कोणीही लावू शकतं. मी लावली होती.” त्याचा आवाज फाटला. “दाजींची पट्टी मी लावली होती. ते खाली आलेच नव्हते. खाणीच्या वळणावर बसले होते, मी त्यांच्या हातातून पट्टी घेतली आणि त्यांना तिथेच सोडून आलो. ताई... दाजींनी जीव दिला नाही गं. ते घरीच यायला निघाले होते.”

 ताईच्या हातातला थर्मास खाली पडला आणि गवतातून घरंगळत गेला. ती भावाकडे बघत राहिली. मग तिनं फक्त एवढंच म्हटलं, “आधी पोरगी,” आणि चपला तिथेच टाकून अनवाणी चढाला लागली. तिच्या मागे पोस्टमन धावला, आणि मग सगळेच.

निघता निघता ड्रॉइंग मास्तर पुटपुटले, “कोणीतरी आलं होतं खरं पट्टी लावायला. मी चहा ओतत होतो, पाठमोरा दिसला. धापा टाकत होता, नाक वाजत होतं... पट्टी लावली आणि परत फाटकाबाहेर गेला. मला वाटलं, मागे राहिलेल्याला आणायला चाललाय.”

भाची सापडली. जिवंत सापडली, बाबांनो, घाबरू नका. वळणाखाली पंधरा फुटांवर खडीच्या ढिगाऱ्यात अडकली होती. पाय दोन ठिकाणी मोडलेला, डोक्याला खोक, थंडीनं ओठ निळे. आणखी दोन तास तशीच पडून राहिली असती तर आटोपलं असतं, असं दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. वर आणताना तिनं एकदा डोळे उघडले आणि आईकडे बघून पुन्हा मिटले.

दुपारी वॉर्डात चौघंच होती. खाटेवर भाची, पाय प्लास्टरमध्ये टांगलेला. उशाशी ताई. खिडकीपाशी पोस्टमन. आणि दाराशी, आत यावं की जावं अशा बेतात, चष्मेवाला. खोलीत जंतुनाशकाचा उग्र वास होता, आणि सलाइनचे थेंब पडताना दिसत होते.

ताई बोलली. त्याच्याकडे न बघता.

“तीन वर्षं मी त्यांच्यावर चिडून होते. माझा विचार केला नाही, पोरीचा केला नाही, म्हणून शिव्या दिल्या मी त्यांना. रोज. त्यांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय मी.” तिनं पोरीचं पांघरूण सारखं केलं. “दुपारपर्यंत जिवंत होते ते. हाका मारल्या असतील रे त्यांनी.”

“ताई...”

“नको. आज पोरगी वाचली ती तुझ्या बोलण्यानं, म्हणून तू या खोलीत उभा आहेस. याच्यापुढे मला तुझं तोंड बघवणार नाही.”

  सांगून टाकल्यावर हलकं वाटेल, असं चष्मेवाल्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. तसं काही वाटलं नाही. नुसतं रितं वाटलं, आणि थंडी वाजली.

खाटेवर हालचाल झाली. भाचीनं डोळे उघडले. औषधानं जड झालेली नजर फिरत फिरत दारापाशी आली आणि तिथे थांबली.

“मामा,” ती म्हणाली, “तू परत का नाही आलास?”

“काय गं?”

“मी वाट बघत होते ना. तू म्हणालास, पट्टी दे इकडे, मी लावतो. तू बघ सावकाश. मी म्हटलं, अरे, नियम आहे. तर हात पुढे करून उभाच राहिलास.” तिनं कोरडे ओठ ओले केले. “फार दमला होतास. नाक वाजत होतं तुझं. बाबांसारखं. मी म्हटलंसुद्धा, मामा, सर्दी झाली का?”

ताईनं सावकाश मान वळवली.

“मी नव्हतो,” चष्मेवाला म्हणाला. “देवाशपथ... मी तर मागे होतो. मी पोचलो तेव्हा ती तिथे नव्हतीच. विचार याला!”

पोस्टमन खिडकीबाहेर बघत होता. गडी इतका बडबड्या, पण शब्द शोधत बोलला.

“मला काय माहीत... बेकरीवाल्याचा पाय सुटायला तासभर लागला. तू कधीच पुढे गेला होतास. मला वाटलं, खाली पोचलासुद्धा असशील. वळणावर येऊन बघतो तर तू उभा... घामानं निथळत.” तो चष्मेवाल्याकडे वळला. “आणि तोंड डोंगराकडे. खालून वर आल्यासारखा.”

“तासभर?” चष्मेवाला म्हणाला. “छे. दोन मिनिटं. फार तर तीन. मी डोळे मिटले होते, बस.”

 भाचीचे डोळे पुन्हा मिटले होते.

त्याच्या मनगटावर घड्याळ थरथरलं. धावायचं घड्याळ, दुकानातल्या पोरांनी वाढदिवसाला दिलेलं. सकाळी सुटताना बटण दाबायचं, मैदानात पाय ठेवला की बंद करायचं. हे तो झोपेतसुद्धा करील, आजही केलं असावं. घड्याळ विचारत होतं, आजची धाव जतन करायची का?

त्यानं आकडा बघितला. चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवून पुन्हा बघितला. खाणीच्या वळणापासून फळीपर्यंत एक किलोमीटर. परत वर यायचं म्हटलं तर आणखी एक. शर्यत पाच किलोमीटरची होती. घड्याळात सात किलोमीटर होते.

“काय रे?” ताईनं विचारलं. “काय बघतोयस?”

चष्मेवाल्यानं बाही मनगटावर ओढून घेतली.

“काही नाही ताई,” तो म्हणाला. “वेळ बघत होतो.”